मुके झालेले तोंड

ज्याने तुमचे काही बिघडवले नाही, त्याच्या जिभेवर तुम्हाला कुणी बळजबरीने बसवले, तर तुम्ही काय कराल? मी काहीच करू शकले नाही.

मी कडियाळे बोलत आहे. लगामाचे जे लोखंड घोड्याच्या तोंडात असते, ते मी. लोहाराने मला बारीक घडवले, पीळ दिला आणि दोन्ही बाजूंना लांब दांड्या जोडल्या. प्रत्येक दांडीला तीन खाचा. लगाम जितका खालच्या खाचेत, तितका माझा दाब अधिक.

दूधवाला दुकानात आला, तेव्हा खोगीरवाल्या काकांनी मला खुंटीवरून काढलेच नाही. दूधवाल्याची घोडी गाडीला जुंपली की मान खाली घालून लगामावर रेलायची, हात उखडतील अशी खेचायची. काकांनी आधी तो गाडी कशी हाकतो, ते विचारले. लगाम मुठीत आवळून आणि पाय फळीला रोवून, असे त्याने सांगितले.

"मग ती रेलणारच," काका म्हणाले. "तुम्ही टेकू देता, ती टेकते. जाड, गुळगुळीत कडियाळं न्या. ओढा आणि लगेच सोडा. धरून बसू नका."

"काका, मला घोडी आवरायचीय, तिचे लाड नाही करायचे," असे म्हणून त्याने मला स्वतःच उतरवून घेतले.

दोन दिवस घोडी इशाऱ्यासरशी थांबली. दूधवाला गल्लीभर मिशीत हसत फिरला. वेदनेलाच तो आज्ञापालन समजला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा रेलली. त्याने लगाम मधल्या खाचेत घेतला, आठवड्याने खालच्या. मी जिभेत रुतत होते. रक्ताची चव मला कळत होती. पण ईश्वराने मला वाचा दिली नव्हती.

ही घोडी शिंगरू असल्यापासून दूधवाल्याच्या थोरल्या बहिणीने वाढवलेली. मला धुताना पाणी लाल झालेले तिने पाहिले.

"अरे, तिचं तोंड बघितलंस का एकदा तरी?"

"ताई, तू चुलीचं बघ. लगाम माझ्या हातात आहे."

ती भावाच्या घरी आश्रित होती. ती गप्प बसली. ते गप्प बसणेही मी पुण्य मानत नाही.

हळूहळू घोडीच्या जिभेला आणि हिरड्यांना घट्टे पडले. मग मी कितीही रुतले तरी तिला कळेना. जिथे दुखते तिथेच सांगितलेले पोचते. त्याने ती जागाच मारून टाकली होती.

एके सकाळी उतारावर गाडीने वेग घेतला. वळणावर दगडी कठडा होता. त्याने सगळे बळ लावून लगाम खेचला. मी हाडापर्यंत दाबले गेले. घोडी थांबली नाही.

गाडी कठड्यावर आदळली. घोडीला गाडीशी बांधणारे जोत तुटले म्हणून ती वाचली. आता तिला ताई सांभाळते. काकांकडचे जाड कडियाळे तिच्या तोंडात आहे, पण तेही तिला कळत नाही. ताईच्या हाकेवरच ती थांबते. मी तबेल्यातल्या खिळ्यावर गंजत आहे. मला पुन्हा कुणी उतरवू नये, एवढेच मागणे.

दूधवाल्याचा जबडा कठड्यावर फुटला. डॉक्टरांनी त्याचे वरचे-खालचे दात तारेने एकत्र आवळले. दोन महिने लोखंड त्याच्या तोंडात होते. एकदा तार हिरडीत रुतली. त्याने हातवारे केले, डोळ्यांतून पाणी काढले. ताईला वाटले, भूक लागली असेल. तिने नळीने आणखी पेज घातली. जबडा वाकडाच जुळला. आजही तो काय बोलतो, ते कुणाला कळत नाही.