फुईच्या तांब्यातलं पाणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि पौषातली पहाट समोर आणा. तापीवरून बोचरा वारा येतो आहे, काठच्या केळींवरून दव ठिबकतं आहे, आणि दवाने ओल्या पायवाटेवरून एक मुलगी मला पोटाशी धरून धावते आहे. मी एक जुना तांब्या आहे. माझ्या कुशीला पडलेला पोचा तिच्यामुळेच आहे, आणि तो मला दागिन्यासारखा वाटतो.

नंदुरबारच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. जमनाबाईंच्या लग्नात मी आंदण म्हणून गेलो. पुढे त्या विधवा झाल्या आणि मला घेऊन भावाकडे, चुनीलालभाऊंच्या घरी, तापीकाठच्या गावात परत आल्या. घरातली मुलं या आत्यांना फुई म्हणत. फुईंच्या देवांना तापीचंच पाणी लागे, आणि ते आणण्याचा मान माझा. पण त्यांचे गुडघे धरले आणि माझं नदीवर जाणं थांबलं.

त्याच पावसाळ्यात चुनीलालभाऊंच्या वत्सलाला मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण जाताना पायांतला जोर घेऊन गेला. उजवा पाय फरफटे. ती चौथीत होती आणि पुढची शाळा दूरच्या गावाला होती. होळीपर्यंतची मुदत घालून चुनीलालभाऊ म्हणाले, "होळीलोंग पाय धड व्हयनात तर मोठी शाळा. नही ते घरनं काम शे." ते कठोर नव्हते. लेक वाटेत कोसळेल, याची त्यांना भीती वाटे.

शाळेतले चुडामण गुरुजी वत्सलाला म्हणाले, "रोज पहाटे थोडं धाव. झेपेल तेवढंच, पण रोज."

वत्सला धावू लागली. पण मोठी होत चाललेली मुलगी काही कामाशिवाय गल्लीतून धावते, हे गावाला कसं रुचावं? शेजारच्या धनुबाई ओट्यावरून हाक मारत, "काय वं वत्सला, कोना मांगे पयी ऱ्हायनी? का कोनी मांगे लागनं?" बायका हसत. वत्सला मान खाली घालून घरी येई.

फुईंनी हे ऐकलं. दुसऱ्या पहाटे त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "हाऊ धर. तापीमायनं पानी आन. कोनी इचारं तर सांग, फुईले देवपूजाले पाहिजे. पन पानी गळालोंग ऱ्हावाले पाहिजे हां!"

देवाच्या पाण्यापुढे कोण काय बोलणार? धनुबाई मान वळवून ओटा झाडू लागल्या.

सुरुवातीला पाय फरफटला की मी हिंदकळे, आणि घरी येईपर्यंत निम्मा रिकामा होई. एकदा ती काठाच्या चढावर पडली, तेव्हाच मला हा पोचा आला. फुई आत डोकावून नुसतं "हं" म्हणत. कापसाची वेचणी आली, थंडी हाडांत शिरू लागली, तरी ती धावत राहिली. हळूहळू माझ्यातलं पाणी कमी सांडू लागलं. तिचा पाय सुधारतो आहे, हे तिच्याआधी मला कळलं.

मग ऐन थंडीत वत्सलाला भाऊ झाला. घरात सोयर आलं, देवपूजा थांबली. फुईंनी मला धुऊन फळीवर पालथं घातलं. आई बाळंतीण, भाकऱ्या आणि भांडी वत्सलावर. एकदा ती रिकाम्या हातांनी निघाली, पण धनुबाईंचा ओटा दिसताच माघारी फिरली. मी फळीवर काळवंडत होतो. खाली अंगणात घागर नेताना तिचा पाय पुन्हा घासत असल्याचा आवाज मला ऐकू येई. मित्रांनो, तांबं असो की पाय, वापरात असेल तोवरच त्याची झळाळी. घरात कितीही गडबड असली तरी त्यांना फळीवर ठेवू नका.

एका पहाटे तिने मला फळीवरून उतरवलं. फुई जाग्याच होत्या.

"सोयरमा देवले पानी चालस का वं?"

"देवले नही, फुई," वत्सला अडखळत म्हणाली. "भाऊना लंगोटासले."

"मन्हा देवना तांब्या, आनि लंगोटा!" फुईंनी कपाळाला हात लावला. अंगणातल्या आडाला भरपूर पाणी होतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्या वत्सलाच्या पायाकडे बघत राहिल्या. मग पासोडी ओढून घेत म्हणाल्या, "एक तांब्यामा काय धोवाई? दोन खेपा कर."

सोयर फिटलं, तेव्हा फुईंनी चिंच आणि राख लावून मला इतकं घासलं की माझी कूस तापली. मी पुन्हा देवांपुढे बसलो.

होळीच्या आदल्या सकाळी चुनीलालभाऊ दातण चावत ओट्यावर बसले होते. वत्सला धावत आली. त्यांनी तिच्या हातून मला घेतलं आणि आत पाहिलं. पाणी गळ्यापर्यंत होतं. त्यांनी तिच्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जूनमा मोठी शाळामा नाव टाकसू तुन्हं."

वत्सलाने मला परत घेतलं आणि पाणी फुईंच्या देवांजवळच्या कळशीत रिकामं केलं. पूजेला तेवढं पुरेसं होतं, आणि लंगोट धुण्याचं निमित्तही आता उरलं नव्हतं. तरी तिने परकराचा काचा मारला, मला पोटाशी धरलं, आणि धनुबाईंच्या ओट्यासमोरून दुसऱ्या खेपेला धावत निघाली.