साडेचौदा हजारांचा फरक

उदयसिंहचा फोन एरवी संध्याकाळी यायचा. त्या दिवशी भर दुपारी आला, तेव्हा संयोगितानं हातातलं काम टाकून तो उचलला. नवरा सैन्यात हवालदार, पोस्टिंग पार अरुणाचलात. पण त्याला काही झालं नव्हतं.

"ॲपात एक लाख शहाऐंशी हजार दोनशे दिसत्यात," तो म्हणाला. "बँकेत एक लाख एकाहत्तर हजार सातशेच हायत. साडेचौदा हजार कुठं गेलं?"

"मला काय ठावं? मी तर सगळं त्यातच लिवते."

"मी हिशोब मागत न्हाई. फक्त विचारतोय. कृष्णातला काय दिलंस का?"

कृष्णात म्हणजे जतचा तिचा भाऊ. दोन वर्षांमागं त्यानं एकदा हातउसने घेतले होते आणि बोलल्या दिवशी परतही केले होते. ती नाही म्हणाली. पलीकडून नुसतं 'बरं' आलं आणि फोन बंद झाला.

ते घरखर्चाचं ॲप उदयसिंहनंच मागच्या सुट्टीत दोघांच्या फोनवर टाकलं होतं. बँकेचा मेसेज आला की नोंद आपोआप पडायची, रोखीचं तेवढं हातानं लिहायचं. एकानं केलेला बदल दुसऱ्याच्या फोनवरही दिसायचा. संयोगितानं कोथिंबिरीची जुडीसुद्धा कधी सोडली नव्हती.

दोन दिवस ती नोंदी वरखाली बघत राहिली. ॲपात खाली एक बटण होतं, 'शिल्लक दुरुस्त करा'. दाबलं असतं तर 'इतर खर्च' म्हणून साडेचौदा हजार पडले असते आणि दोन्ही आकडे एक झाले असते. तिनं बोट नेलंही. मग वाटलं, हे तर आपणच खाल्ले म्हणून लिहून देण्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी तिला आठवलं की जूनमध्ये सासूबाई, राहीबाई, पंधरा दिवस वडूजला, लेकीकडे पूजाकडे होत्या. एटीएमचं कार्ड कपाटात उघडंच असायचं, आणि बँकेचा मेसेज एखाद वेळी यायचाही नाही. पिन म्हणजे जुळ्या पोरींचं जन्मसाल, घरात सगळ्यांना ठाऊक. एकदा डोक्यात शिरलं ते निघेना. राहीबाई जोंधळे पाखडत होत्या. संयोगिता उंबऱ्यात उभी राहिली.

"आत्या, वडूजला जाताना कार्ड नेलं हुतं का? पूजाताईंना अडचण असंल तर मी काय म्हणणार न्हाई."

राहीबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप हलवू लागल्या.

आवाज चढला असता तर बरं झालं असतं, असं संयोगिताला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कवठे महांकाळला बँकेत गेली आणि सहा महिन्यांचा उतारा छापून आणला. यादी वरून खाली वाचण्याऐवजी तिनं आधी प्रत्येक महिन्याच्या अखेरचा आकडा जुळवला. एप्रिल जुळला. मे जुळला. जूनची अखेर साडेचौदा हजारांनी चुकली. म्हणजे जे काही झालं ते जूनमधलं. वडूजही जूनमधलंच.

मग तिनं जूनच्या एकेका ओळीवर खूण करायला घेतली. सतरा तारखेला उताऱ्यात शाळेच्या नावानं दोन रकमा होत्या. सकाळी अकरा बेचाळीसला साडेचौदा हजार, अकरा चव्वेचाळीसला पुन्हा साडेचौदा हजार. राजनंदिनीची फी आणि शिवांजलीची फी. दोघी पाचवीत, एकाच वर्गात. दोन्ही वेळा फोन तिच्याच हातात होता. ॲपात मात्र फी एकच.

शोधत शोधत ती हटवलेल्या नोंदींपाशी पोचली. तिथं लिहिलं होतं: 'दुहेरी नोंद काढली. उदयसिंह यांचा फोन. ९ जुलै.'

संध्याकाळी तिनं फोन केला आणि सगळं सांगितलं.

"व्हय, केलं असंल," उदयसिंह म्हणाला. "ॲपानंच विचारलं हुतं, दोन सारख्या नोंदी हायत, एक काढू का म्हणून. मी हो म्हणलं. चला, सापडलं न्हवं."

"सापडलं," ती म्हणाली. त्यानं कृष्णातचं नाव काढलं नाही, तिनंही काढलं नाही. काढलेली नोंद तिनं परत आणली आणि दोन्ही आकडे जुळले.

मग ती आत गेली. राहीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आत्या, पैसं कुठंच गेलं नव्हतं. पोरींच्या फीची नोंद ह्यांच्याकडनं पुसली गेली. मी तुमाला इचारायला नको हुतं. चुकलंच माझं."

"असूं दे," राहीबाई म्हणाल्या. "तुला तरी कुणी इचारलंच असंल की."

संयोगिता बसून राहिली. आणखी काहीतरी बोलतील म्हणून थांबली, पण त्या उठून पोरींना जेवायला हाक मारायला गेल्या.

रविवारी राहीबाई बाजारातून आल्या आणि सुटे पैसे त्यांनी सुनेपुढं ठेवले.

"धाची मिश्री, वीसची वांगी, जीपला तीस. लिव."

"आत्या, मला कशाला सांगताय? तुमचंच पैसं हायती."

"लिव," त्या म्हणाल्या, आणि संयोगितानं फोन उघडून तिन्ही आकडे घालीपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.