वरच्या हॉलचे पडदे

“अहो, सोडा तो पडदा. लोक बघताहेत.”

“बघू देत. मी शिवलाय, मी नाही बघणार तर कोण बघणार?”

मास्तर लॉबीतल्या पडद्याची खालची कड डाव्या हाताने उलटी करून बघत होते. मागच्या वर्षी अंगावरून वारं गेलं तेव्हापासून उजवा हात खिशात असे. घरून निघताना तो उचलून खिशात ठेवायचं काम काकूंचं. मास्तरांची बायको म्हणून गल्लीतले सगळे त्यांना काकू म्हणत. मास्तर ‘अगं’ म्हणत, तेवढ्यात भागत असे.

हॉटेल नवंकोरं होतं. फरशी इतकी चकचकीत, की पाय ठेवताना काकूंना आपलाच चेहरा तुडवल्यासारखं वाटत होतं. ज्यांचा ज्यांचा कामाला हात लागला त्यांनी जोडीने येऊन बघून जावं, असा ठेकेदाराचा निरोप होता. दाखवायला काळा कोट घातलेली एक हसरी मुलगी दिली होती.

“या सर, आधी खोल्या बघू.”

“सर कसलं? मास्तर म्हण.”

मास्तर खुशीत होते. वर्षभरात ते कशाने म्हणून खुशीत आले नव्हते, त्यामुळे काकूंनाही आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सगळ्यात वरच्या मजल्यावर, मोठ्या हॉलमध्ये, त्यांची लबाडी खिडकीभर टांगलेली होती.

झालं होतं असं. हॉटेलचं सगळं काम उरकलं, वरच्या हॉलच्या पडद्यांची एक जोडी तेवढी राहिली, आणि मास्तर दवाखान्यात पडले. जड जिभेने त्यांनी सांगितलं, “ठेकेदाराला कापड परत कर. दुसऱ्याकडून करून घेऊ दे.” काकू हो म्हणाल्या आणि कापड काही परत केलं नाही. दवाखान्यातून आल्या की मशीनवर बसायच्या. शेवटची तुरपाईसुद्धा त्यांनीच हाताने घातली. दुकानात उभ्या संसारात त्यांच्या वाट्याला फक्त हुक आणि बटणं आली होती. कारण काकू डावखुऱ्या. त्यांचे टाके उलट्या बाजूला कलायचे. “गिऱ्हाईक म्हणेल, मास्तर आरशात बघून शिवतो,” असं म्हणून मास्तर त्यांच्या हातातली सुई काढून घ्यायचे.

ठेकेदाराला काकूंनी सांगितलं, मास्तरांनीच शिवलेत. मास्तरांना सांगितलं, दुसऱ्या कुणी शिवलेत. घरी आल्यावर खरं सांगणार होत्या. पण घरी आल्या आल्या मास्तरांनी मशीनवर चादर टाकली आणि म्हणाले, “शिवणाऱ्याचा हात गेला, शिवण संपलं.” अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुमचं उरलेलं काम मी उरकून टाकलं म्हणून?

खोलीत मास्तर पलंगावर बसले ते गादीत रुतलेच. मुलीने एकीकडून आणि काकूंनी दुसरीकडून ओढून त्यांना बाहेर काढलं. तिघंही हसली. मग मुलीने न्हाणीघर दाखवलं. त्याला भिंत नव्हती, नुसती आरपार काच.

“अगं पोरी, इथला पडदा राहिलाय की!” मास्तर म्हणाले. “ठेकेदाराला सांग, मी उद्याच माप घ्यायला...”

ते थांबले. त्यांनी खिशाकडे बघितलं.

“इथे पडदा नसतोच, मास्तर,” मुलगी हळूच म्हणाली. “तशीच फॅशन आहे.”

“असेल बाबा. आता वरचा हॉल दाखव. त्या पठ्ठ्याने काय दिवे लावलेत, बघू तरी.”

“माझे पाय भरून आलेत,” काकू घाईघाईने म्हणाल्या. “घरी जाऊ या ना.”

“लिफ्टला कशाला लागतात पाय?”

वरच्या हॉलला एका बाजूला भिंतच नव्हती, सगळी खिडकी होती. मुलगी कौतुकाने शहर दाखवायला लागली, पण मास्तर शहराकडे पाठ करून पडद्यापाशी उभे राहिले. काकू दारातच थबकल्या.

“चुण्या बऱ्या धरल्यात,” मास्तर पुटपुटले. “झोकही बरा आहे. बघू, आतून काय गोंधळ घातलाय.”

ते वाकले. डाव्या हाताने कड उलटली आणि तसेच राहिले. त्यांचा अंगठा टाक्यांवरून सावकाश पुढे गेला, परत मागे आला. सगळे टाके एकसारखे होते, आणि सगळे उलटे कललेले.

“कधी केलंस?” त्यांनी मान वर न करताच विचारलं.

“तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा.”

“आणि मी वर्षभर त्या माणसाला शिव्या घालतोय.”

“मला कुठे लागल्या? सवय आहे.”

मास्तरांनी कड सोडली नाही. काकूंना वाटलं, आता चिडतील, नाहीतर रडतील. आजारपणापासून दोन्ही सारखंच जवळ आलं होतं. मुलगी लगबगीने आली.

“काही उसवलंय का, मास्तर? ठेकेदार म्हणत होते, हे तुमचं सगळ्यात चांगलं काम.”

मास्तर पडद्याला धरून सरळ उभे राहिले.

“हे माझं नाही,” ते म्हणाले. “खालचे सगळे माझे. हे हिने शिवलेत. ठेकेदाराला तसं सांग. विसरू नकोस हं.”

काकूंचे डोळे भरून आले. कुठे बघावं कळेना, म्हणून त्या शहराकडे बघत राहिल्या. त्यातलं त्यांना काहीच नीट दिसलं नाही.

लिफ्टमध्ये मुलीने तळमजल्याचं बटण दाबलं.

“सुई कशी धरतेस गं तू?” मास्तरांनी एकदम विचारलं. “अंगठा वर घेतेस की खाली?”

“हे काय आता इथे?”

“इथेच. घरी गेल्यावर मी नको म्हणेन.”

त्यांनी डाव्या हाताची चिमूट हवेत धरली. चुकलीच होती. काकूंनी त्यांचा अंगठा थोडा खाली सरकवला, बोट जरा वाकवलं.

“गिऱ्हाईक म्हणेल, मास्तर आरशात बघून शिवतो,” काकू म्हणाल्या.

“म्हणू दे.”

लिफ्टच्या भिंतीला आरसा होता. त्यातले मास्तर उजव्या हातात सुई धरून उभे होते. काकूंनी ते बघितलं, आणि मास्तरही तिकडेच बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. दार उघडलं तरी दोघं हलली नाहीत. मुलगी दार उघडं ठेवायचं बटण दाबून उभी राहिली.