ट्रॅशमधले तेवीस फोटो

गुडघ्याला रोज शेक घ्यायचा आणि व्यायाम करायचा म्हणून जोतीराम कोळेकर वरकुट्याहून बारामतीला लेकाकडे राहायला आले, त्याला चार दिवस झाले होते. लेक मल्हार एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशिनींच्या दुरुस्तीचं काम बघायचा. जळोचीत त्यानं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. घरात तो, त्याची बायको प्रतिक्षा आणि दीड वर्षाची मोना. सकाळी दवाखान्यातला तास सोडला तर जोतीरामांना दिवसभर काही काम नव्हतं. अर्धं आयुष्य मेंढरांच्या मागं चालण्यात गेलेला माणूस. दहा वर्षांपूर्वी कळप विकून ऊस आणि मका धरला, तरी बसून राहायची सवय काही अंगाला लागली नव्हती.

पाचव्या दिवशी मल्हारनंच त्यांना काम दिलं. घरातले तिन्ही फोन त्यानं एकाच खात्यावर जोडलेले होते. त्याचा, प्रतिक्षाचा आणि वडिलांचा, म्हणजे आबांचाही. ते खातं आता फोटोंनी काठोकाठ भरलं होतं, आणि कंपनीचे मेल त्याला यायचे बंद झाले होते. त्यानं आबांना टॅब हातात दिला आणि दाखवलं : नको तो फोटो धरून ठेवायचा, खूण उमटली की डिलीट दाबायचं. ते सगळे ट्रॅशमध्ये जाऊन पडतात आणि दोन महिने तिथंच राहतात. शेवटी ट्रॅश उघडून तोही रिकामा करायचा, तेव्हाच जागा मोकळी होते.

“म्हंजी कचऱ्याचा डबा,” जोतीराम म्हणाले.

“तसंच. पण आबा, डबा रिकामा केला की परत काही मिळत नाही,” एवढं सांगून मल्हार ड्युटीला गेला.

जोतीरामांनी चष्मा पुसला आणि कामाला बसले. सुप्रभातचे फुलं-दिवे असलेले फोटो त्यांनी भराभरा काढून टाकले. त्यातले निम्मे त्यांच्याच फोनवर आलेले होते, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. मग मल्हारच्या कंपनीतले पंपांचे आणि पट्ट्यांचे फोटो. ते विचारून काढायचे म्हणून बाजूला ठेवले. आणि मग लागली मोना. मोना जेवताना, मोना झोपलेली, मोना बादलीत बसलेली, एकेका गोष्टीचे वीस-वीस फोटो. सुनेच्या या नादावर ते गावी बायकोजवळ, सारजाबाईंजवळ कुरकुरलेही होते, की पोरगी लेकराकडं बघती कमी आन् फोनात बघती जास्त. तोंडावर मात्र कधी बोलले नव्हते. एकसारख्या वीसातला एक ठेवायचा असं त्यांनी ठरवलं, पण कुठला काढायचा हे काही ठरेना. दोन तासांत मोनाचे तीनच फोटो गेले.

मग त्यांनी विचार केला, आधी डबा तरी मोकळा करू. त्यांनी ट्रॅश उघडला.

वर त्यांनी नुकतेच टाकलेले फुलांचे फोटो होते. त्याखाली प्रतिक्षानं गेल्या दोन महिन्यांत टाकलेले. सगळा डबा एकदम रिकामा करायचं बटण समोरच होतं. बोट त्याच्यावर नेलं आणि ते थांबले. खालच्या रांगांमध्ये मोना होती, आणि प्रत्येक फोटोत तिचा डावा डोळा पांढरा होता.

एखादा फोटो असता तर त्यांनी सोडून दिलं असतं. त्यांनी मोजले. तेवीस. कुठं उजेड नुसता मोत्यासारखा, कुठं अख्खं बुबुळ दुधाळ. उजवा डोळा मात्र कुठं काळा, कुठं फ्लॅशनं लाल.

तिन्हीसांजेला मेंढरं वाड्यात कोंडली की बॅटरी मारून कळप मोजायचा, हे त्यांनी तीस वर्षं केलं होतं. जनावराचे दोन्ही डोळे सारखे चमकतात. ज्याचा एक वेगळा चमकेल, त्या जनावराला ते दुसऱ्या दिवशी उजेडात धरून बघायचे, आणि बहुतेक वेळा त्या डोळ्यात काहीतरी निघायचंच. माणसाचं कसं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण एक डोळा एका तऱ्हेचा आणि दुसरा दुसऱ्या तऱ्हेचा, हे त्यांच्या मनाला पटेना.

त्यांनी प्रतिक्षाला हाक मारली. ती कणीक मळता मळता आली आणि बघून हसली. म्हणाली, मामा, ते फ्लॅशमुळं होतं, फोटो वाईट दिसतात म्हणून मीच काढून टाकले.

“व्हय. पर उजवा कसा न्हाई झाला कंदी?” त्यांनी विचारलं.

ती वाकून एकेक फोटो पुन्हा बघू लागली.

जोतीरामांनी मोनाला मांडीवर घेतलं. तिच्या हातात बांगड्यांची रिकामी पेटी दिली. ती उघडझाप करण्यात रमली तेव्हा त्यांनी तळहातानं हळूच तिचा डावा डोळा झाकला. तिनं लक्षही दिलं नाही, खेळत राहिली. मग त्यांनी उजवा झाकला. मोनाचा हात पेटीवरून घसरला. ती चाचपडली, आजोबांचा हात दोन्ही हातांनी ढकलायला लागली आणि रडू लागली. हात काढला की गप्प. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

प्रतिक्षा कणकेच्या हातांनी तशीच खाली बसली.

मल्हार घरी आल्यावर त्याला सांगितलं, तर तोही आधी फ्लॅशच म्हणाला. पण आबा काही ऐकेनात. उद्या सकाळी गुडघ्याचा दवाखाना राहू दे, डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं, असं त्यांनी निक्षून सांगितलं. ट्रॅशमधले तेवीसच्या तेवीस फोटो मल्हारकडून परत बाहेर काढून घेतले आणि फुलांचे तेवढे जाऊ दिले.

बारामतीच्या डॉक्टरांनी मोनाच्या डोळ्यांत थेंब घातले, तासभर थांबवलं आणि दिवा लावून बराच वेळ आत बघितलं. मग त्यांनी स्वतःच पुण्याला फोन लावला आणि सांगितलं की उद्यापर्यंतही थांबू नका, आज दुपारी निघा.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. मोनाला भूल देऊन त्यांनी तपासलं आणि तिघांना समोर बसवून सरळ शब्दांत सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर गाठ आहे. ती कॅन्सरची आहे. तिच्यावर उजेड पडला की ती पांढरी दिसते, म्हणून फोटोत तसं येतं. गाठ अजून डोळ्याच्या बाहेर गेलेली नाही, म्हणजे लेकराच्या जिवाला आज धोका नाही. डोळाही वाचवायचा प्रयत्न करता येईल.

त्यांनी विचारलं, हे कधीपासून दिसतंय? प्रतिक्षानं फोन उघडला आणि एकेक महिना मागं जायला लागली. दिवाळीत वरकुट्याच्या अंगणात सगळ्यांनी मिळून काढलेला एक फोटो होता. सगळी माणसं छान आली होती म्हणून तो तेवढा राहिला होता. तो मोठा करून बघितला तर मोनाच्या डाव्या डोळ्यात बारीक राखी ठिपका. त्याच्या आधीच्या दसऱ्याच्या फोटोत काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तारखा लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, अशी तारीखवार माहिती आम्हाला फार क्वचित मिळते.

बाहेर बाकावर बसल्यावर प्रतिक्षा रडायला लागली. म्हणत होती की मी आई असून मला दिसलं नाही, दिसलं ते मी माझ्या हातानं कचऱ्यात टाकलं. मल्हार पाणी आणायला गेला होता. सासऱ्यानं सुनेच्या पाठीवरून हात फिरवायची त्यांच्याकडं रीत नव्हती. जोतीराम तिच्या शेजारी बसून राहिले. मग इतकंच म्हणाले, “रडून घी. पर ह्यात तुजी चूक न्हाई, हे मी सांगतोय म्हून ध्येनात ठेव.”

उपचार सहा महिने चालले. दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून औषध, आणि मधून मधून भूल देऊन लेझर. मोनाचं जावळ गेलं. तोंडात फोड यायचे, दोन-दोन दिवस ती भाताचं शीतही तोंडात घ्यायची नाही. सारजाबाई गाव सोडून जळोचीला येऊन राहिल्या. उसाला पाणी द्यायला भावकीतला सोपान जायचा, एकदाही कुणी सांगायला लागलं नाही. मल्हारच्या कंपनीतली माणसं त्याची पाळी आपापसांत वाटून घ्यायची. जोतीरामांचा गुडघा तसाच राहिला, पण पुण्याची एकही खेप त्यांनी चुकवली नाही.

त्या दिवसांत प्रतिक्षानं फोटो काढायचे बंद केले होते. फोन फक्त डॉक्टरांना लावण्यापुरता. तिसऱ्या औषधानंतर एका सकाळी मोना टक्कल घेऊन खिडकीशी उभी होती आणि खालच्या म्हशीला हाका मारत होती. जोतीराम सुनेला म्हणाले की ह्याचा काढून ठेव. ती नको म्हणाली, असल्या दिवसांचं काय ठेवायचं. त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. स्वतःचा फोन काढला आणि त्यांना जमेल तसा फोटो काढला. त्यात निम्मी खिडकी आणि मोनाचा कान आला. तो बघून प्रतिक्षा बऱ्याच दिवसांनी हसली. “द्या इकडं, मामा,” म्हणाली आणि नीट दोन काढले.

शेवटची मोठी तपासणी संक्रांतीनंतर झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाठ मेली आहे, तिच्या जागी नुसता व्रण आहे. डाव्या डोळ्यानं तिला समोरचं थोडं अंधूक दिसेल, बाजूचं चांगलं दिसेल. उजवा उत्तम आहे. अजून काही वर्षं ठरलेल्या वेळी दाखवत राहायचं, पण आता घरी जाऊन तिला खेळू द्या. मग त्यांनी विचारलं, ते फोटो मला मिळतील का? गावोगावच्या आशाताईंना शिकवताना दाखवीन, नाव-गाव न सांगता. चेहराही झाकीन, फक्त डोळे ठेवीन.

मल्हारनं आबांकडं बघितलं. आबांनी प्रतिक्षाकडं बघितलं. ती म्हणाली, “सगळे घ्या, मॅडम.”

त्या दिवशी ते जळोचीला न जाता सरळ वरकुट्याला निघाले. सारजाबाई दोन दिवस आधीच गावी गेल्या होत्या. भिगवणला आल्यावर मल्हारनं गाडी एका मासळीच्या हॉटेलपुढं घेतली. तो मागच्या बाजूला हात धुवायला गेला. जोतीराम मोनासाठी तळलेल्या माशाचे काटे काढत बसले होते. काटे काढता काढता, मान वर न करताच ते बोलायला लागले.

“पोरी, एक सांगायचं हाय. तुज्या फोटूंवरनं मी तुज्या सासूपाशी लई बोललोय. लेकराकडं बघती कमी, म्हनलो. त्ये माजं चुकलं. तू रोज बघत व्हतीस म्हून त्ये फोटूत आलं. मी तर चार दिसांसाठी आलेला मानूस. आमचं लेकरू तुज्यामुळं हाय.”

प्रतिक्षानं मोनाचं तोंड पुसलं. मग म्हणाली, “मामा, तुम्ही ते बटण दाबलं असतं तर?”

“न्हाई दाबलं. दाबाय देनारा न्हवता म्हसोबा,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा तिच्याकडं बघून हसले.

मोनाला धीर नव्हता. तिनं ताटलीतला मोठा तुकडा स्वतःच उचलला, तेव्हा दोघांनीही एकदम हात पुढं केला. त्यात काटा नव्हता. मल्हार आला तेव्हा तिनं तो संपवला होता आणि दुसरा मागत होती. त्यानं आणखी एक ताट मागवलं. वरकुट्यातून सारजाबाईंचा फोन आला की कुठवर आलात, चूल पेटवू का. जोतीरामांनी सांगितलं, पेटव, आम्ही निघतोच आहे, आणि लेकरू पोटभर जेवलंय.