पायाखालचा पुठ्ठा

मित्रांनो, तुमचा जन्म होण्याआधीच माझे काम संपले होते, म्हणून आधी ओळख सांगतो. मी एक जुना पायात्सो आहे, म्हणजे नाण्यांच्या खेळाचे यंत्र. लाकडाची पेटी, पुढे काच आणि उजव्या अंगाला पोलादी कळ. मला वायर नाही, दिवा नाही. वरून मार्काचे, म्हणजे फिनलंडच्या जुन्या चलनाचे, नाणे टाकायचे, कळ बोटाने ओढायची आणि सोडायची. नाणे काचेमागे उडते आणि खालच्या एका खाचेत पडते. मधल्या अरुंद खाचांत पडले, तर साठलेली नाणी खळखळत तुमच्या ओंजळीत येतात. कडेच्या रुंद खाचांत पडले, तर ते माझे. कळ किती ओढायची आणि केव्हा सोडायची, हे मात्र सर्वस्वी तुमच्या बोटाचे काम.

हेलसिंकीतल्या ज्या सुताराने मला जोडले, त्याने काच बसवण्याआधी माझ्या माथ्यावर पाणसळ ठेवली होती. बुडबुडा मधोमध येईपर्यंत तो मला ठोकत राहिला. "हा कलला, की लबाड झाला," तो शेजाऱ्याला म्हणाला. आयुष्यात मी ऐकलेले हे पहिले वाक्य.

मग इसाल्मीच्या रस्त्यावरच्या पेट्रोलपंपाला लागून असलेल्या एल्वीच्या कॉफीघरात मला उभे केले. तिथे ताउनो यायचा. तो लाकूडगिरणीत करवतींना धार लावत असे. नुसते बोट फिरवून कोणता दात बोथट झाला आहे ते त्याला कळे. माझ्या कळेवर तो तेच बोट ठेवायचा. शनिवारी त्याच्यामागे लोक कपबशा हातात धरून उभे राहत.

"ताउनो, पेटी रिकामी केलीस, आता भिंत तरी राहू दे," एल्वी म्हणायची.

"भिंत तुझी तू ठेव. मला एक वेलदोड्याचा पाव दे."

तो जिंकायचा तेव्हा मला राग येत नसे. कोणीतरी मला नीट ओळखते, याचे सुख वेगळेच असते.

त्याची मुलगी हिल्क्का मोठी झाली आणि अशा यंत्रांची देखभाल करण्याच्याच नोकरीला लागली. दर बुधवारी ती यायची, माझी काच पुसायची, कळेला तेलाचा थेंब द्यायची. एका बुधवारी तिने माझ्या शेजारी एक नवे यंत्र आणून उभे केले. त्यात तीन चाके फिरत, दिवे लागत, गाणे वाजे. एखादे चाक रोखून धरायला बटणे होती. जिंकलेले दुप्पट करायलाही एक बटण होते. हळूहळू सगळे तिकडे वळले. माझ्या माथ्यावर लोक ओले हातमोजे वाळत टाकू लागले.

ताउनो तेवढा माझ्याकडे राहिला. पण त्याचा हात थरथरू लागला होता. कळ सुटताना बोट दोनदा हलायचे. नाणी कडेला जाऊ लागली. तो पाव न खाताच घरी जाई.

हिल्क्काला ते पाहवले नाही. एका बुधवारी तिने एल्वीकडून कपाखालचा पुठ्ठा मागून घेतला, दुमडला आणि माझ्या डाव्या पायाखाली सरकवला. मी किंचित कललो. डोळ्यांना दिसण्यासारखे ते नव्हते.

थोड्या वेळाने ताउनो आला. पहिले नाणे मध्ये पडले. दुसरेही. तिसऱ्यालाही नाणी खळखळली. एल्वीने टाळी वाजवली. तो मात्र थांबला. आपला कॉफीचा कप उचलून त्याने माझ्या माथ्यावर ठेवला आणि कपात कॉफी एका बाजूला चढते आहे का ते बघत राहिला. मग गुडघ्यावर हात टेकत खाली वाकला, पुठ्ठा ओढून काढला आणि मुलीच्या पुढ्यात ठेवला.

"तुझी वस्तू पडली होती."

"बाबा, मी फक्त..."

"गिरणीत चाळीस वर्षं काढली मी. मला उतार शिकवतेस?"

जिंकलेली नाणी तिथेच सोडून तो निघून गेला.

त्यानंतर तो आला की शेजारच्या यंत्रासमोर बसायचा. मी हातभर अंतरावर उभा. ही वर्षे मला सर्वांत जड गेली. दोन महिन्यांनी हिल्क्का म्हणाली, "बाबा, चाकं कशी धरायची हे जपून ठरवताय, पण त्याने फारसं होत नाही. चुकीचं धरलंत तर कमी मिळेल. अगदी बरोबर धरलंत, तरी दीर्घकाळात कारखान्यात परताव्याचा जो वाटा ठरवलाय, त्याच्या वर जाणार नाही."

"आणि दुप्पटीचं बटण?"

"ते म्हणजे नाणेफेक. जितकं येतं तितकंच जातं."

"मला ते पहिल्या आठवड्यातच कळलं."

"मग बसता कशाला इथे?"

ताउनोने एक चाक धरले. "इथे तुला काही सरकवता येत नाही."

हिल्क्काने हत्यारांची पेटी उचलली. त्या दिवशी माझी काच पुसायची राहिली.

मग मार्क जाऊन युरो येणार असे ठरले. शेजारच्या यंत्राचे नाणी घेणारे तोंड बदलता येणार होते. माझ्या खाचा मात्र मार्काच्या मापाच्या. मला गुरुवारी न्यायचे ठरले. हे वडिलांना सांगताना हिल्क्का त्यांच्याकडे पाहत नव्हती.

बुधवारी ताउनो आला. कोटाच्या खिशातून त्याने जुनी पाणसळ काढून माझ्या माथ्यावर ठेवली. मागच्या पायाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि बुडबुडा मधोमध आणला. मग एकच मार्क टाकला. कळ ओढून तो थांबला. थरथर येते आणि मध्येच क्षणभर विसावते, त्या क्षणाची तो वाट पाहत होता. त्याने कळ सोडली.

नाणे मधल्या खाचेच्या ओठावर आदळले, उभे राहिल्यासारखे झाले आणि कडेच्या खाचेत पडले.

"अरेरे, नेम चुकला," एल्वी म्हणाली.

"चुकला," ताउनो म्हणाला. "पण माझा चुकला." तो हसला. दोन वर्षांनी मी ते हसू पाहिले. त्याने पाणसळ हिल्क्काच्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. आणि एल्वी, दोन पाव दे. एक पोरीला."

वसंतात तळ्यावरचा बर्फ फुटण्याआधीच ताउनो हे जग सोडून गेला. हिल्क्काने मला विकत घेतले. आता मी तिच्या घरात, बुटांच्या फळीशेजारी उभा आहे. मार्क कुठेच चालत नाहीत, म्हणून तिने वाटीभर जुनी नाणी जपून ठेवली आहेत. कडेच्या खाचेतले ते एक नाणे मात्र तिने अजून काढलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काच पुसा, कळेला तेल द्या, एवढे तर मी सांगेनच. पण थरथरत्या हाताची माणसे तुमच्या घरी असतील, तर त्यांच्यासाठी मला कलवू नका. मला सरळ उभे करा आणि त्यांना वेळ द्या.

हिल्क्का तेच करते. कोणी खेळायला आले की आधी माझ्या माथ्यावर पाणसळ ठेवते आणि वाकून बघते. बुडबुडा मधोमध आला की मुकाट्याने बाजूला होते.