सरांच्या कपाटातला मत्सर

दार ओढू नका, किल्ली सरांच्या खिशात आहे. मी आतूनच बोलतो. मी इंग्रजी विभागातला एक प्रबंध. विषय भारदस्त: जुन्या इंग्रजी नाटकांतले संशयी नवरे, त्यांच्या बायका आणि घरातली सत्ता. बांधणी पक्की, पाठ निळी. फक्त मार्गदर्शकाची, म्हणजे सरांची, सही तेवढी नाही, आणि तिच्यावाचून विद्यापीठ मला दारातही उभं करत नाही.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. बाई कॉलेजात शिकवून यायच्या, लेकीचा अभ्यास घ्यायच्या, मग मला लिहायला बसायच्या. शेजारी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत.

"परक्या नवऱ्यांचे संशय वाचून तुला काय मिळतं गं?"

"डॉक्टर होईन, आई."

"मग माझे गुडघे बघशील?"

एकदा त्याच म्हणाल्या, "संशयी माणसाला बायको जाईल याची भीती नसते गं. आपलं चालेनासं होईल, याची असते." बाईंनी ते वाक्य सासूबाईंचा हवाला देऊन चौथ्या प्रकरणात घातलं.

सरांकडे आलो तेव्हा वाटलं, सुटलो. सर स्त्रीस्वातंत्र्यावर फार सुंदर बोलतात. पण बाई सहीचं विचारायला आल्या की म्हणायचे, "अगं, घाई कसली? मुरू दे जरा."

एका दुपारी त्यांनी माझं चौथं प्रकरण उघडलं आणि येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करू लागले. मला कोण अभिमान वाटला! दुसऱ्या दिवशी ते परिषदेहून तणतणत परतले. मागोमाग बाई आल्या.

"सर, 'माझ्या सासूबाई म्हणतात' हेसुद्धा बोललात तुम्ही. अख्खं सभागृह हसलं."

सर अविवाहित आहेत, हे सगळ्यांना ठाऊक. पाठांतराच्या भरात तेवढं गाळायचं राहून गेलं होतं.

"तुला हे सगळं शिकवलं कुणी? मीच ना?" सर ओरडले.

"सही करा, सर."

सही केली असती तर मी विद्यापीठात पोचलो असतो आणि चोरी उघडी पडली असती. त्यांनी मला उचललं, कपाटात टाकलं आणि किल्ली फिरवली.

इथे अंधार आहे, डांबरगोळ्यांचा वास आहे. माझी पानं एकमेकांना चिकटू लागली आहेत. रोज वाटायचं, बाई मला सोडवायला येतील. काल बाहेर त्यांचा आवाज आला. शिपाईमामांना सांगत होत्या, मार्गदर्शक बदलला, विषय बदलला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आणि जुना प्रबंध?" मामांनी विचारलं.

"राहू द्या तिथेच. त्याचं नावसुद्धा काढू नका."

बाई सुटल्या. मला आनंद व्हायला हवा, होतोही. पण त्यांच्या हाताखाली आता दुसरा प्रबंध आकार घेतोय. मत्सराची इतकी चिरफाड केली मी, पण तो असा दुखतो हे माझ्या एकाही पानावर लिहिलेलं नाही. बाई, पदवीसाठी नको, सहीसाठीही नको. एकदा मला परत मागा.