लागलं

मित्रांनो, मास्क म्हटलं की तुमचा हात आपोआप नाकाकडे जातो. त्या कानाला अडकवायच्या कापडी मंडळींशी माझं काही नातं नाही. मी तलवारबाजीचा जुना मास्क आहे. पोलादी जाळीचा, कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड झाकणारा, खाली गळ्यासाठी जाड पांढरा पट्टा असलेला. पांढरा म्हणजे एके काळी पांढरा. आता तो पोह्यांच्या रंगावर गेला आहे, आणि कोणी मला नवा समजावं अशी माझी अपेक्षाही नाही.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यातला. एका कारागिराने मला साच्यावर ठोकून गोल केलं आणि मग एक टोकदार दांडा माझ्या जाळीवर सगळं बळ लावून दाबला. मी वाकलो नाही. त्याने पाठीवर शिक्का मारला आणि मला खोक्यात टाकलं. जन्मल्या जन्मल्या परीक्षा घेणारा बाप मिळाला, त्याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. पुढे कळलं की माझ्या आत कोणाचे तरी डोळे असणार होते, म्हणून तो इतका कठोर झाला होता.

तिथून मी महूच्या छावणीत गेलो. तिथे सुभेदार गोपीनाथ जवानांना तलवारबाजी शिकवायचे. दर रविवारी इंदूरहून एक सडपातळ मराठी तरुण त्यांच्याकडे शिकायला यायचा. त्याचं नाव लक्ष्मीकांत. त्याच्या पणजोबांनी होळकरांच्या दफ्तरात जन्मभर लेखणी चालवली, वडिलांनी सरकारी कचेरीत तेच केलं, आणि हाही पुढे कचेरीतच चिकटला. घराण्यात तलवार पहिल्यांदा ह्यानेच धरली, तीही बिनधारेची. घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण हा काही बधला नाही. पलटणीने जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा सुभेदारांनी चार मास्क आणि सहा तलवारी त्याच्या हवाली केल्या. त्या चार मास्कांतला एक मी.

अशा रीतीने इंदूरच्या रामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये लक्ष्मीकांत सरांचा क्लब सुरू झाला. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने द्यावं, आणि ज्याला जमत नाही त्याने हॉल झाडावा, असा हिशेब. हॉल नेहमी चकचकीत असायचा, यावरून काय ते समजून घ्या. सरांचा पहिला विद्यार्थी समीर मोठा होऊन मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवू लागला आणि संध्याकाळी सरांच्या जोडीला शिकवू लागला. सगळी मुलं त्याला इंदुरी थाटात समीर भिया, म्हणजे भैया, म्हणायची.

आमच्याकडचा खेळ सोपा होता. अंगावर कुठेही तलवारीचं टोक टेकलं की गुण. मोठ्या स्पर्धांत तलवारीला वायर जोडलेली असते; टोक दाबलं गेलं की डब्यावरचा दिवा पेटतो. आमच्याकडे डबा नव्हता. मग टोक टेकलं की नाही हे ठरवायचं कोणी? सरांनी सुभेदारांचीच पद्धत ठेवली होती. मारणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. ज्याला लागलं त्यानेच थांबायचं, डावा हात वर करायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "लागलं!"

मित्रांनो, गुण गमावणाऱ्यानेच गुण जाहीर करायचा, हे ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघा.

इंदूरजवळच्या बेटमा गावची शमिका अकरा वर्षांची असताना क्लबात आली. तिचे वडील बाळकृष्णजी बेटम्याच्या एका शाळेत शिक्षक. ते तिला बसने घेऊन यायचे आणि हॉलबाहेरच्या बाकावर वह्या तपासत बसायचे. मी तिच्या डोक्याला ढगळ व्हायचो, म्हणून समीर भियाने माझ्या पाठीशी स्पंजचा तुकडा चिकटवला. पहिला महिनाभर ती माझ्या आत सारखी पुटपुटायची. कधी पाढे, कधी स्वतःलाच शिव्या. मला तिची सवय झाली.

एका संध्याकाळी तिच्या बुटाला टोक टेकलं. कोणी पाहिलं नाही. ती काही बोलली नाही, खेळत राहिली आणि जिंकली. सुटल्यावर बापलेक बसकडे निघाले. पाच मिनिटांत ती धावत परत आली. धाप लागलेली, डोळे भरलेले.

"सर, मघाशी पायाला लागलं होतं. मी बोलली नाही."

सरांनी तिला ना रागे भरलं, ना शाबासकी दिली. त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हा आजपासून तुझा. दुसऱ्या कोणाला नाही देणार."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली पाच वर्षं तिथून सुरू झाली. ती मला घरी नेऊन जुन्या मलमलीने पुसायची, खिडकीत वाळवायची. तिची उंची वाढली, स्पंजचा तुकडा काढून टाकावा लागला. तिचा हात इतका तयार झाला की समीर भियाही तिच्यासमोर उभा राहताना आधी मान मोडून घ्यायचा. आणि लागलं की तिचा डावा हात वर. टोक असो की नुसती पात्याची बाजू घासून गेलेली असो, ती पाहत बसायची नाही. कोणी तिला सांगितलंच नव्हतं की पात्याची बाजू लागली तर ते मोजत नाहीत. खरं तर कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे शंका आली की हात वर, एवढंच ठाऊक.

दहावीच्या वर्षी भोपाळला निवड चाचणी होती. निवड झाली तर खेळाडूंच्या वसतिगृहात राहणं, शिक्षण, सराव सगळं तिथेच. वयाच्या अटीमुळे तिची ही पहिली आणि शेवटची संधी. बाळकृष्णजी साधा माणूस, पण त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं, "सर, हिचं सिलेक्शन झालं तर माझी ना नाही. नाही झालं तर मग बस. पुढची पढाई बघायची. रोजचं हे येणं-जाणं आता नाही होणार."

"होईल सिलेक्शन," सर म्हणाले. इतक्या खात्रीने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

चाचणीत माझीही परीक्षा झाली. पुन्हा तोच टोकदार दांडा, तोच दाब. मी टिकलो. शमिका तर अशी खेळली की भोपाळची पोरं आपलं सोडून तिला बघायला गोळा झाली. तिला लागलं की तिचा हात वर जायच्या आधीच दिवा पेटायचा, म्हणून तिची सवय दिवसभर कोणाच्या नजरेत आली नाही. शेवटचा सामना उरला. जी जिंकेल तिला वसतिगृह. चौदा-चौदा अशी बरोबरी झाली.

एकच गुण. शमिकाने हात लांब केला. तिचं टोक समोरच्या मुलीच्या मनगटाकडे निघालं होतं, मी माझ्या जाळीतून स्पष्ट पाहत होतो, अर्धी वीत उरली होती. त्याच वेळी त्या मुलीचं पातं शमिकाच्या कोपराला घासून गेलं. नुसती बाजू. दिवा पेटला नाही, पेटणारच नव्हता. पण शमिका थांबली. तिने हात मागे घेतला, डावा हात वर केला आणि माझ्या आतून मोठ्याने म्हणाली, "लागलं!"

पंचांनी थांबायला सांगितलं नव्हतं. समोरच्या मुलीची काही चूक नाही. तिने समोर उघडी छाती पाहिली आणि टोक टेकवलं. दिवा पेटला. पंधरा-चौदा.

पंच घाईने जवळ आले. मराठी त्यांना येत नसावं; 'लागलं' म्हणजे इजा झाली असं त्यांना वाटलं. "कहाँ लगी, बेटा? डॉक्टर को बुलाऊँ?"

"नहीं सर, लगी नहीं," शमिका म्हणाली. "मतलब, लागलं म्हणजे... पॉइंट लागला."

पंचांना काही उमगलं नाही. "चोट नहीं है तो फिर रुकी क्यों?"

याचं उत्तर सभागृहात फक्त दोघातिघांना माहीत होतं. लक्ष्मीकांत सर खुर्चीवरून अर्धे उठले होते, ते तसेच वाकलेले राहिले. मग बसले. त्यांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

परतीच्या वाटेवर समीर भिया गाडी चालवत होता आणि तोच तेवढा बोलत होता. "किती वेळा म्हटलं सर, सेकंड हँड तर सेकंड हँड, एक डबा घेऊन टाकू! तिथे कोण बघतं कोण खरं बोललं? तिथे लाइट बघतात, लाइट!" सर खिडकीबाहेर पाहत राहिले. शमिका बाळकृष्णजींच्या खांद्याला टेकून बसली होती. घर आल्यावर ती उतरली आणि मी मागच्या सीटवर राहिलो. विसरली की ठेवून गेली, मला कळलं नाही.

सोमवारी सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "आजपासून कोणी हात वर करायचा नाही. कोणी काही बोलायचं नाही. पंच थांबवेपर्यंत खेळत राहायचं." आठवड्याभरात समीर भियाने कुठूनसा जुना डबा आणून दुरुस्त केला. हॉलमध्ये दिवे पेटू लागले. दिवा बिघडला की मुलं भांडू लागली. "लगा था!" "नहीं लगा भिया, झूठ मत बोल!" असली भांडणं त्या हॉलने याआधी ऐकली नव्हती. सर कोपऱ्यातून पाहत राहायचे.

शमिका आली नाही. सर रोज फोन हातात घ्यायचे, तिचं नाव काढायचे आणि फोन खिशात ठेवून द्यायचे. एकदा समीर भिया म्हणाला, "सर, एकदा जाऊन तर या." सर म्हणाले, "काय तोंड घेऊन जाऊ?" मी खुंटीवर होतो. मला कोणी पुसलं नाही, कोणी वाळवलं नाही. जाळीच्या कडेला गंजाचा पहिला ठिपका त्याच दिवसांतला.

अडीच महिन्यांनी एका रविवारी सरांनी मला पिशवीत घातलं आणि बेटम्याची बस धरली.

दारात दोन बांधलेल्या बॅगा होत्या. बाळकृष्णजींनी अदबीने बसवलं. "बसा, लक्ष्मीकांतजी. बरं झालं आज आलात. उद्या हिला धारला सोडतो. मावशीकडे राहून अकरावी करेल." धारला तलवारबाजी कोणी शिकवत नाही, हे सरांना माहीत होतं आणि बाळकृष्णजींनाही.

शमिका पाणी घेऊन आली. सरांनी पेला घेतला, पण पाणी प्यायले नाहीत.

"बेटा, चूक माझी होती. मी तुम्हाला त्या डब्यासमोर कधी उभंच नाही केलं. तुझं नुकसान मी केलं." मग घाईघाईने, जणू औषध आणलं असावं तसे म्हणाले, "पण आता डबा आणलाय. आणि ते हात वर करणं, बोलणं, सगळ्यांचं बंद केलंय. एकदम बंद."

शमिकाने मान वर केली. "बंद केलं?"

"हो. त्याच सोमवारपासून."

तिने अगदी हळू विचारलं, "मग सर, मी कशासाठी हरले?"

मित्रांनो, मी चौदा वर्षं फौजेत काढली, पण एखाद्या माणसाला इतकं जिव्हारी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी नुसतं मला पिशवीतून काढून तिच्यापुढे धरलं. तिने मला घेतलं आणि डोक्यावर चढवलं. सरांना वाटलं, मापून बघते आहे. माझी जाळी दाट आहे, बाहेरून चेहरा दिसत नाही. आत ती रडत होती. तोंड दाबून, खांदे न हलवता. पाच वर्षांत तिचा घाम माझ्यात खूप मुरला होता, पण हे पाणी पहिल्यांदाच. थोड्या वेळाने तिने मला उतरवलं, ओढणीने आतून नीट पुसलं आणि सरांच्या हातात दिलं.

"क्लबचा आहे, सर. कोणाला तरी होईल."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आल्या आल्या सरांनी डब्याची वायर काढली. समीर भिया काही म्हणायला गेला, पण सरांचा चेहरा पाहून वायर गुंडाळू लागला. आता आठवड्यातले तीन दिवस डबा आणि तीन दिवस आपला शब्द, असं चालतं. पात्याची बाजू आणि टोक यांतला फरक सर पहिल्याच दिवशी शिकवतात, तोही स्वतःच्या हातावर मारून दाखवून. मुलं पुन्हा हात वर करतात. ते ऐकताना सर कधी कधी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जातात. शमिका धारला आहे. तिने पुन्हा तलवार धरल्याचं मला कोणी सांगितलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे स्वतःची काळजी मागायची असते. ती मी मागतो: घाम पुसा, ओल्या पिशवीत कोंबू नका, आणि गंजलेला मास्क चुकूनही घालू नका. माझा गंज आता पाठीपर्यंत आला आहे. त्या टोकदार दांड्यापुढे मी पुन्हा टिकणार नाही, आणि टिकू नये.

पण याहून मोठं मागणं दुसरंच आहे. कोणी खरं बोलून हरलं, तर त्याच्याकडे त्याच दिवशी जा. तुम्हीच त्याला खरं बोलायला शिकवलं असेल, तर धावत जा. बोलायला काही सुचत नसेल तरी जा, नुसते शेजारी बसा. सर सांगण्याजोगं काहीतरी शोधत अडीच महिने थांबले. त्या दिवशी बेटम्याला, माझ्या आत, शमिका एक वाक्य बोलली होती. इतक्या हळू की ते जाळीबाहेर गेलंच नाही.

"रोज वाट बघितली, सर."

सरांना सांगायची सोय मला नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.